लालबागची यादी

डोंबिवलीत आमच्या घरापासून चार मिनिटांच्या अंतरावर मसाल्याचा डंक आहे. मालक ओळखीचा, जागा स्वच्छ, कांडपाचा दर लालबागपेक्षा कमी. तरीही माझी आई दरवर्षी एप्रिलमध्ये वर्षाचा मसाला करायला लालबागला जाते आणि मी तिच्याबरोबर जाते. सकाळची धीमी लोकल पकडायची, करी रोडला उतरायचं, दिवसभर मिरचीच्या खकाण्यात बसायचं आणि संध्याकाळी नाक-डोळे लाल करून जड पिशव्यांसह परत यायचं, हा आम्हा मायलेकींचा वार्षिक सोहळा. आमच्या घरातले पुरुष याला सहल म्हणायला तयार नाहीत. आम्ही दुसऱ्या कुठल्या सहलीला कधी गेलोच नाही, त्यामुळे आम्हाला तुलना करता येत नाही.

एका वर्षी माझ्या नवऱ्याने कागदावर हिशेब मांडून दाखवला. मिरची, खडा मसाला, भाजणावळ, कांडप, नाश्ता, येताना पिशव्या जड म्हणून केलेली टॅक्सी, असं सगळं धरून आमचा मसाला दुकानातल्या सगळ्यात महागड्या पाकिटापेक्षाही महाग पडत होता. हिशेब चोख होता. आईने चष्मा लावून तो कागद नीट वाचला आणि म्हणाली, "जावयबापू, तुमचो हिशेब बरोबर आसा. पण ह्यो फक्त मसाल्याचो हिशेब झालो."

दुसरा हिशेब तिच्या एका जुन्या डायरीच्या मागच्या पानांवर आहे. तिथे ती दरवर्षी नव्याने एक यादी लिहिते. मावशीची सून, अर्धा किलो. डंकवाल्याची मुलगी, पाव. सिस्टर, पाव. कंडक्टरच्या घरी, अर्धा. गुरुजींच्या मुलाकडे, पाव. आम्ही करतो त्यातला निम्म्याहून जास्त मसाला या यादीत जातो. यातल्या कुणी तो मागितलेला नसतो आणि आई कुणाकडून एक पैसा घेत नाही. यादीतल्या प्रत्येक नावामागे एक देणं आहे आणि त्यातली बहुतेक देणी १९८२ सालची आहेत.

१८ जानेवारी १९८२ या दिवशी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. माझे बाबा त्यातले एक. ते साचेखात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांवर होते आणि आम्ही लालबागच्या एका चाळीत, एका खोलीत राहत होतो. मी तेव्हा दुसरीत. महिना-दोन महिन्यांत मिटेल असं सगळेच म्हणत होते. मग होळी गेली, पावसाळा लागला, गणपती आले. हा संप रीतसर मागे घेतल्याचं कुणी कधी जाहीर केलंच नाही. गिरण्या बंद पडत गेल्या आणि माणसं पांगत गेली. ज्यांची गावाकडे थोडीफार शेती होती ते कोकणात, साताऱ्याकडे, कोल्हापूरकडे निघून गेले. आमच्या वाट्याची जमीन भाऊबंदांच्या वादात अडकलेली, म्हणून आम्ही तिथेच राहिलो. वाण्याची उधारी वाढली, आईच्या हातातल्या पाटल्या गेल्या आणि एक दिवस तिने पिठाचा डबा उपडा करून झटकलेला मी पाहिला.

आमच्या मजल्यावर टोकाच्या खोलीत एक मावशी खानावळ चालवायची. गिरणगाव ज्यांनी पाहिलं नाही त्यांना या खानावळी काय होत्या ते सांगायला हवं. बायको-पोरं गावी ठेवून मुंबईत एकट्याने राहणारे हजारो कामगार अशा घरगुती खानावळींत जेवायचे. त्यांना 'मेंबर' म्हणत. पाळीप्रमाणे जेवायला येणार, पगार झाला की महिन्याचे पैसे देणार. पगार नसला की बाकी. म्हणजे गिरणीत काहीही बिनसलं तरी त्याची पहिली झळ या बायकांच्या चुलीला. सावकाराकडून दामदुप्पट व्याजाने पैसे उचलून त्या मेंबरांना जेवू घालत. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते या बायकांसाठी. सावकाराच्या जागी त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आमच्या मावशीनेही असं कर्ज घेतलं होतं आणि ते फेडल्याचा कागद तिने देवाच्या फोटोमागे खोचून ठेवला होता. संपाबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. किती गिरण्या, किती कामगार, किती दिवस, सगळे आकडे मिळतात. उधारीवर किती ताटं वाढली गेली हा आकडा मात्र कुणी मोजलेला नाही.

संपात मावशीचे मेंबर एकेक करून गावी गेले. काहींची बाकी तिच्याकडे तशीच राहिली. ती स्वतः बुडत होती, पण आईला रडताना पाहून तीच आमच्या खोलीत आली. "हाताला मसाल्याचं माप हाय तुझ्या, मग रडत काय बसलीस?" असं म्हणून तिने आईला उठवलं आणि मिरचीच्या दुकानात नेलं. दुकानदाराला म्हणाली, "हिला उधार दे. जामीन मी." दुकानदार भाऊंनी मिरची आणि खडा मसाला दिला, वहीत आईच्या नावाने पान उघडलं. डंकवाल्याने कांडपाचे पैसे दिवाळीपर्यंत मागितले नाहीत. आईने शंभर-शंभर ग्रॅमच्या पुड्या बांधल्या. वरच्या मजल्यावरची सिस्टर परळच्या हॉस्पिटलात होती, ती ड्यूटीला जाताना पिशवी भरून पुड्या घेऊन जायची आणि सोबतच्या नर्सेसना विकून पैसे आणून द्यायची. शेजारचे बेस्टचे कंडक्टर आपल्या डेपोत विकायचे. उरलेल्या पुड्या बाबा नायगाव आणि डिलाइल रोडच्या बीडीडी चाळींत नेत. साचे चालवण्यात आयुष्य गेलेल्या त्या माणसाला ओरडून माल विकता यायचा नाही. ते जिन्याखाली पिशवी घेऊन नुसते उभे राहायचे. पिशवीतून येणारा वासच वरच्या बायकांना खाली आणायचा. आणि माझी शाळेची पुस्तकं त्या वर्षी आमच्या गुरुजींनी आपल्या खिशातून आणली.

आईच्या यादीतली ही मूळ नावं. त्या पुड्यांवर आमचं घर चाललं. मग आम्ही डोंबिवलीला आलो, बाबांना एका कारखान्यात वॉचमनची नोकरी लागली. पुढे माझी बारावी, बी. कॉम., बँकेची परीक्षा हे सगळं पार पडलं त्यात मसाल्याचा वाटा बाबांच्या पगाराहून कमी नव्हता.

बँकेत नोकरी लागल्यावर पहिला पगार हातात आला तेव्हा मला एकच सुचत होतं, लालबागची सगळी देणी फेडायची. मी नवी नवी बँकवाली. आमच्याकडे कर्जाचे शेवटचे पैसे भरून झाले की 'नो ड्यूज'चा दाखला देतात, खातं बंद होतं आणि गिऱ्हाईक व बँक दोघंही सुटतात. मला आईला असं सुटलेलं पाहायचं होतं. रविवार होता. भाऊंच्या दुकानात जाऊन मी गल्ल्यावर पाकीट ठेवलं आणि म्हटलं, "संपाच्या वेळची बाकी." भाऊ हसले. म्हणाले, "वहिनींचं पान मी कधीच फाडून टाकलं." मी हट्टाला पेटले. आकडा आठवत नसेल तर अंदाजे घ्या, व्याज धरून घ्या, असं काहीतरी बोलत होते. आईने माझा हात दाबला आणि हळूच म्हणाली, "पुरा फेडू नको गो. पुरा फेडलंस तर येणा-जाणा बंद पडतला. थोडा बाकी रवांदे."

मग तिने त्या पाकिटातल्या पैशांनी रोखीने मिरची घेतली. आमच्या घराला लागते त्याच्या दुपटीहून जास्त. डंकावर बसून मसाला करून घेतला आणि परत जाताना जुन्या चाळीत शिरली. मावशीकडे अर्धा किलो, सिस्टरकडे पाव, कंडक्टरांकडे अर्धा. प्रत्येक ठिकाणी चहा झाला, प्रत्येक ठिकाणी काहीतरी उलट पिशवीत आलं. मावशीने तांदळाच्या भाकऱ्या दिल्या, सिस्टरने मला पेन दिलं. संध्याकाळी लोकलमध्ये बसलो तेव्हा आमच्यावर सकाळपेक्षा थोडं जास्तच देणं झालं होतं. आई खूष होती. आमची वार्षिक वारी सुरू झाली ती त्या दिवसापासून.

आता त्या दिवसाचं वर्णन करायला हवं, कारण त्यात मजा आहे. करी रोडच्या पुलावरून पूर्वेला उतरलं की भारतमाता सिनेमाच्या बाजूने लालबाग सुरू होतं. मराठी सिनेमा हमखास लागायचा तो इथे. पुढे चिवडा गल्लीचा तळणीचा वास आणि मग मिरची बाजार. खामकरांसारखी पिढ्यान् पिढ्यांची दुकानं, दारात तोंड उघडलेली पोती, आणि शिंकणारी माणसं. हा बाजार लालबागच्या रक्तातच आहे. इथल्या पेरू चाळीतला बाजार १९३२ मध्ये बंद झाला तेव्हा कोळी आणि व्यापारी उघड्यावर आले. हक्काची जागा मिळू दे म्हणून त्यांनी गणपतीला नवस केला. जागा मिळाली आणि १९३४ साली नवस फेडायला त्यांनी गणपती बसवला. तोच आजचा लालबागचा राजा. नवस केव्हाच फेडून झाला, तरी गणपती दरवर्षी बसतोच. आई म्हणते, देवाचीही बाकी ठेवलेली बरी.

मिरची निवडायची आईची पद्धत दुकानदारही मान्य करतात. "मिरची डोळ्यांनी नाय, कानांनी घेवची," असं म्हणून ती मूठभर मिरच्या कानाशी नेऊन हलवते. नीट वाळलेल्या मिरचीतलं बी आत खुळखुळतं. दमट असेल तर आवाज येत नाही, आणि दमट मिरचीचा मसाला पावसाळ्यात जाळी धरतो. बेडगी घ्यायची ती रंगासाठी. कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगीची ही सुरकुतलेली, गडद लाल मिरची दिसते तेवढी जहाल नसते. २०११ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. तिचा अर्क लिपस्टिकच्या रंगात जातो हे मी आईला सांगितलं तेव्हा तिने माझ्या ओठांकडे आणि मग पोत्याकडे पाहिलं होतं. तिखटपणाला संकेश्वरी, लांब आणि सडपातळ. आईचं प्रमाण निम्मी बेडगी, पाव संकेश्वरी आणि उरलेल्या पावात काश्मिरी आणि थोडी पांडी. मग किलो मिरचीला अर्धा किलो धणे, आणि बाकीचा खडा मसाला: बडीशेप, खसखस, शहाजिरं, लवंग, दालचिनी, मिरी, मसाला वेलची, बाद्यान, जायपत्री, रामपत्री, नागकेशर, दगडफूल, तमालपत्र, हळकुंड, हिंगाचे खडे. दगडफूल जिभेवर ठेवून पाहिल्याशिवाय ती घेत नाही.

देठं काढून मिरची भट्टीवर जाते. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा असतो. भाजणारा कितीही तरबेज असला तरी आई कढईशेजारी उभी राहून त्याला हुकूम सोडते. धणे एवढे नकोत, खसखस आता काढ, लवंग फुगली बघ. तिथे आपल्यासारख्या चाळीस बायका चाळीस तऱ्हेचे हुकूम सोडत असतात. वसईहून आलेली ईस्ट इंडियन बाई बाटली मसाल्यासाठी, पनवेलकडची आगरीण आगरी मसाल्यासाठी, वरळीची कोळीण माशाच्या मसाल्यासाठी, घाटावरची बाई कांदा-लसूण मसाल्यासाठी. प्रत्येकीला आपलंच प्रमाण खरं वाटतं आणि जी ती दुसरीच्या परातीत डोकावते. या शहरात कोण कुठून आलं हे कळायला एप्रिलमधला हा दिवस पुरेसा आहे.

मग डंक. लोखंडी मुसळं यंत्राने वर उचलली जातात आणि आपल्याच वजनाने उखळात पडतात. चक्कीत जिन्नस घासला जातो, तापतो आणि त्याचा वास उडून जातो. डंकात तो कुटला जातो, कमी तापतो, म्हणून रंग आणि वास टिकतो. कुटलेलं चाळायचं, चाळणीवर राहिलेलं पुन्हा उखळात टाकायचं. याला वेळ लागतो, आणि तुमच्या आधी पंधरा नंबर असले तर दुपार होते. आमच्या सहलीचं खरं ठिकाण म्हणजे हा नंबर लागेपर्यंतचा बाकडा.

डंकाचा आवाज प्रचंड असतो. शेजारी बसलेल्या माणसाशी ओरडूनच बोलावं लागतं. घरी आई फार बोलत नाही. मालवणी माणूस भांडताना मोकळा होतो, एरवी नाही. पण डंकासमोर तिला कंठ फुटतो. बाबांनी लग्नाच्या आधी तिला पाहिलंच नव्हतं, नुसता फोटो पाहून होकार दिला होता, हे तिने मला तिथे सांगितलं. तिला सातवीनंतर शिकायचं होतं, हेही तिथेच. आणि मीही माझ्या गोष्टी तिथे सांगत आले. मला बढती नको होती कारण बदली होणार होती. सासूबाईंशी महिनाभर बोलणं बंद होतं. कर्जवसुलीला गेले तिथे एका शेतकऱ्याने मला जेवूनच पाठवलं आणि मला वसुलीचा शब्द काढवला नाही.

लग्नानंतर काही वर्षांनी माझं पोटातलं मूल गेलं. ते मी घरी कुणाला नीट सांगितलं नव्हतं, नवरा सोडून. त्या एप्रिलमध्ये डंकासमोर बसल्यावर मी आईच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून ते सांगितलं. आमच्या आसपासच्या सगळ्याच बायकांचे डोळे मिरचीने वाहत होते, त्यामुळे माझ्याकडे कुणी वळून पाहिलं नाही. आईने पदराने माझा चेहरा पुसला आणि तितक्याच मोठ्याने म्हणाली, "माझा पण एक गेल्ला. तुझ्या आदी." एवढ्या वर्षांत ती हे कुणाशी बोलली नव्हती. मावशीला ठाऊक होतं, तिने तेव्हा महिनाभर आमच्या खोलीत डबा पाठवला होता, पैसे न घेता. म्हणजे यादीतलं मावशीचं नाव संपाच्याही आधीचं निघालं. मग आमचा नंबर लागला आणि आम्ही उठून परात पुढे केली.

बदली झाली ती नागपूरला. त्या वर्षी मला रजा मिळेना, तेव्हा आईच रेल्वेने मसाला घेऊन आली आणि येताच म्हणाली की इथली मिरची दाखव. नागपूर जिल्ह्यातलं भिवापूर मिरचीसाठी प्रसिद्ध आहे. भिवापुरी मिरची तिने कानाशी हलवली, तुकडा मोडून चाखला, पाणी प्यायली आणि मत दिलं, "रंगाक कमी, पण जिभेर बसता." दोन किलो बांधून घेतली आणि पुढच्या वर्षी पांडीच्या जागी ती घातली. भाऊंच्या दुकानात आपली मिरची आपण घेऊन जाणं हा खरं तर उद्धटपणा. पण आईने भिवापुरीची एक पुरचुंडी भाऊंनाही दिली होती, त्यामुळे कुणाला राग आला नाही. नागपुरात माझ्या घरमालकीणबाईंनी आजारपणात माझी शुश्रूषा केली होती, त्यांचं नाव त्याच वर्षी यादीत आलं. त्यांच्याकडे आजही पार्सल जातं. यादी अशी वाढत जाते. तिच्यातून नाव कमी होत नाही. माणूस गेला तर त्याच्या मुलाकडे, सुनेकडे, बहिणीकडे वाटा जातो. मावशी गेली, भाऊ गेले, डंकवालाही गेला. भाऊंच्या जागी आता त्यांचा मुलगा बसतो आणि तोही आईला वहिनीच म्हणतो.

बाबा गेले त्या वर्षी आम्ही जाऊ नये असं नातेवाइकांचं मत होतं. घरात सुतक संपून महिनाही झाला नव्हता. आई म्हणाली, जिन्याखाली पिशवी घेऊन उभे राहणाऱ्या माणसाला हे आवडलं नसतं. आम्ही गेलो.

खंड पडला तो २०२० साली. मार्चच्या अखेरीस टाळेबंदी आली, लोकल थांबल्या, ऐन मोसमात डंक बंद झाले. पुढच्या एप्रिललाही तीच गत. आईने पहिल्या वर्षी दोन-तीनदा डायरी काढून पाहिली आणि ठेवून दिली. आमच्या बरणीत गेल्या वर्षीचा मसाला तळाला लागला होता. पाकीट आणू का, असं मी विचारलं तर तिने उत्तरच दिलं नाही. आणि मग त्याच वर्षी जूनमध्ये, जरा रस्ते मोकळे झाल्यावर, मावशीच्या सुनेचा मुलगा स्कूटरवरून डोंबिवलीत आमच्या दारात येऊन उभा राहिला. पिशवीत एक काचेची बरणी होती. आम्ही आदल्या वर्षी दिलेल्या अर्ध्या किलोतला निम्मा मसाला त्याच्या आईने आमच्यासाठी काढून ठेवला होता. "आजी करू शकणार नाहीत यंदा, असं आई म्हणाली," एवढंच तो बोलला. पुढच्या महिन्यात कंडक्टरांच्या मुलीने कोकमं पाठवली. सिस्टर आता खूप म्हाताऱ्या झाल्या आहेत. त्यांनी फोन करून आईला ऑक्सिजन कसा मोजायचा ते समजावलं आणि दर दोन दिवसांनी आकडा विचारत राहिल्या. नागपूरहून संत्र्याची बर्फी आली. आमच्या घरी त्या दोन वर्षांत विकतचा मसाला आला नाही.

मी बँकेत एवढी वर्षं काढली. कर्जं दिली, वसूल केली, खाती बंद केली. आमच्या धंद्यात शून्य बाकी ही सर्वात चांगली बाकी. आईने मात्र पहिल्याच दिवशी भाऊंच्या गल्ल्यासमोर मला सांगितलं होतं की माणसांच्या बाबतीत शून्य बाकी म्हणजे संपलेला संबंध. तिने देणी बुडवली नाहीत. फेडलीच, पण वर्षाला अर्धा किलो, पाव किलो अशा हप्त्याने, आणि तो हप्ता कधी शेवटचा होऊ दिला नाही. म्हणून टाळेबंदीत आमच्या दाराशी स्कूटर येऊन थांबू शकली.

आई आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहे. करी रोडचा पूल तिच्या गुडघ्यांना झेपत नाही, म्हणून आम्ही दादरला उतरून टॅक्सी करतो. लालबागवरून उड्डाणपूल गेला, गिरण्यांच्या जागी टॉवर आले, आमची चाळ पुनर्विकासासाठी पाडली गेली आणि यादीतली माणसं आता विरार, बदलापूर, पनवेल अशी पसरली आहेत. पूर्वी एका संध्याकाळी चाळीचे चार मजले चढून वाटे पोहोचायचे. आता त्याला मे महिन्याचे सगळे रविवार लागतात. दुकानात आई स्टुलावर बसते आणि मिरची मी हलवते. बी खुळखुळलं की नाही याबद्दल आमचे मतभेद होतात. लाडू सम्राटमध्ये आम्ही दोघींत एक कोथिंबीर वडी घेतो, आणि पैसे कोणी द्यायचे यावर दरवर्षी वाद होतो. मी देते. ती घरी आल्यावर तेवढीच नोट माझ्या पर्समध्ये सरकवते. बाकी दोन्ही बाजूंनी राहते.

आता डायरीतली यादी मी लिहिते, ती सांगते. नुसतं नाव आणि वजन लिहून मी थांबले की ती म्हणते, कित्या ता पण लिही. म्हणून प्रत्येक नावापुढे कारण लिहायला लागले. मावशीची सून: जामीन, डबा, २०२०ची बरणी. डंकवाल्याची मुलगी: दिवाळीपर्यंत थांबले. गुरुजींचा मुलगा: शाळेची पुस्तकं. काही नावांची कारणं मला त्या लिहिण्यातूनच कळली, आणि अजून काहींची तिने सांगितलेली नाहीत. तिच्या मते ती डंकासमोरच सांगण्यासारखी आहेत.

आईचं माझ्यावर जे आहे ते त्या यादीत नाही. ते मी फेडणारही नाही, कारण तिला तसं चालत नाही. तिच्यामागे यादी चालू ठेवायची एवढंच मला करता येण्यासारखं आहे. मसाला घरी करायचा की विकत आणायचा हा ज्याचा त्याचा प्रश्न. सगळ्यांनी लालबागला जावं असं माझं म्हणणं नाही. पण दिवाळीचा फराळ, गावचे आंबे, कोकमं, पापड, कुळथाचं पीठ असं काहीतरी वर्षानुवर्षं ठरावीक घरी पाठवण्याचा नेम तुमच्याही आईकडे असेल. कुणाकुणाला पाठवते ते तुम्हाला माहीत असतं. का पाठवते ते तिला विचारून लिहून ठेवा.